डबल ट्रॉली, कोलोरॅडो स्टाइल!
मिलिटरीचा ट्रक पुढे, जीप मागे आणि मध्ये एका ट्रेलरचा लाख मोलाचा प्रश्न. एका हटके खरेदीची गोष्ट.

प्रत्येक ऑफिसात एक तरी ‘गाडीवेडा’ असतोच. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी तो तुम्हाला गाठतो आणि वीकेण्डला कुठल्या चिखलात गाडी घातली, ती कशी अडकली, कशी बाहेर काढली याची चित्तरकथा ऐकवतो. आपण मान डोलावतो. मनात मात्र एकच प्रश्न असतो : बाबा रे, गाडी अडकवायचीच कशाला?

आमच्या घराण्यात हे खातं माझ्या मावसभावाकडे आहे. मूळचा कराडचा, आता डेन्व्हरला सॉफ्टवेअरवाला. आठवड्यातले पाच दिवस क्युबिकल, उरलेले दोन दिवस खडक. त्याच्याकडे २००५ची जीप रँग्लर आहे. इथवर ठीक. पण मागच्या वर्षी मी त्याच्याकडे महिनाभर राहायला गेले, तेव्हा अंगणात एक हिरवा राक्षस उभा होता. दहा चाकं, कॅनव्हासचं छप्पर आणि नाकावर दोन गोल दिवे.

‘‘सैन्याचा जुना ट्रक आहे. जीप याच्यामागून न्यायची मोआबला,’’ दादा म्हणाला.

‘‘आणि मला विधवा करायचं,’’ वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. वहिनी इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स बघते. अपघात ही तिच्यासाठी पेपरातली बातमी नसते, टेबलावरची फाइल असते. त्यात यंदा त्यांची सहा वर्षांची लेकही मोआबला जायचं म्हणून नाचत होती. त्यामुळे पुढचे तीन आठवडे त्या घरात एकाच विषयावर चर्चा झाली : ट्रेलर कोणता घ्यायचा?

हा ‘म्हातारा’ आहे तरी कोण?

ट्रकचं नाव एम-३५ए२. अमेरिकेत त्याला लाडाने ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणतात, म्हणजे अडीच टनी. या घराण्यातला पहिला ट्रक १९५० साली आला, तो रिओ नावाच्या कंपनीचा. पुढे कोरिया, व्हिएतनाम सगळीकडे हा ट्रक फिरला. सहाही ॲक्सल-टोकांना ताकद जाते, म्हणून सिक्स बाय सिक्स. इंजिन मल्टीफ्युएल : डिझेल घाला, रॉकेल घाला, विमानाचं इंधन घाला, तो कुरकुर करत का होईना, चालतो.

गंमत पुढेच आहे. दादाच्या ट्रकच्या डॅशबोर्डवर पत्र्याची पाटी आहे : कैसर जीप, १९६९. म्हणजे साठच्या दशकात ज्या कंपनीने जीप बनवली, तिनेच हा ट्रकही बनवला! कैसरने विलिस ही मूळ जीपवाली कंपनी १९५३मध्ये घेतली होती. आणि त्याच विलिसच्या जीप १९४७पासून मुंबईत जोडून आपल्या महिंद्राने गाड्यांच्या धंद्यात पाऊल टाकलं. थोडक्यात काय, पुढचा ट्रक आणि मागची जीप ही सख्खी चुलत भावंडं आहेत आणि आपल्या गावाकडच्या जत्रेत धुरळा उडवणारी महिंद्रा जीपही त्यांच्याच भावकीतली.

पण भावकी वेगळी आणि घाट उतरणं वेगळं. या ट्रकचं रिकामं वजन साधारण १३,००० पौंड, म्हणजे ५,९०० किलो. ताकद सुमारे १३० ते १४० हॉर्सपॉवर. आपल्याकडची बरी एसयूव्ही यापेक्षा जास्त ताकदीची असते! टॉप स्पीड ताशी जेमतेम ९० किलोमीटर. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. आतमध्ये एकमेकांशी बोलायचं तर ओरडायला लागतं. ‘‘लग्न टिकवायला चांगला आहे,’’ इति दादा.

जीप चालवतच का नेत नाही?

हा प्रश्न मीही विचारला. डेन्व्हर ते मोआब साधारण ५७० किलोमीटर. रस्ता गुळगुळीत. युटा राज्यातलं मोआब हे लाल खडकांचं गाव, ऑफ-रोडवाल्यांची पंढरीच. १९६७पासून तिथे दरवर्षी ईस्टरच्या सुमारास ‘ईस्टर जीप सफारी’ भरते. आम्ही जाणार होतो ते मात्र गर्दी टाळून, ऑक्टोबरात.

तर जीप चालवत नेता येते. चारही चाकं रस्त्यावर ठेवून, टो-बारने ट्रकमागे बांधूनही नेता येते. रँग्लरचा ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकता येतो, त्यामुळे अमेरिकेत मोठ्या कॅम्परगाड्यांमागे अशी जीप हमखास दिसते. मग ट्रेलरचा खर्च कशाला?

उत्तर सोपं आहे. जाताना जीप धडधाकट असते, येताना ती तशीच असेल याची गॅरंटी नाही. खडकावर आपटून स्टिअरिंगचा दांडा वाकला किंवा ॲक्सल तुटला, की ती ना चालवता येते ना टो-बारने ओढता येते. टो-बारमागची गाडी आपली पुढची चाकं आपण वळवत असते. तीच वाकडी झाली तर संपलंच. ट्रेलरवर मात्र मेलेली गाडीही विंचने ओढून चढवता येते. म्हणजे ट्रेलर हा जाण्यासाठी नसतो, परत येण्यासाठी असतो!

आधी काटा, मग कॅटलॉग

दादाने पहिलं काम शहाण्यासारखं केलं. जीपमध्ये टूलबॉक्स, जादा चाक, तंबू, पाण्याचे कॅन असं सगळं भरलं आणि गाडी थेट वजनकाट्यावर नेली. कंपनीच्या पुस्तकातलं वजन कोऱ्या गाडीचं असतं. दादाच्या जीपला लोखंडी बंपर, विंच आणि मोठे टायर. काटा म्हणाला ४,६०० पौंड, म्हणजे सुमारे २,०९० किलो. मग टेपने रुंदी मोजली. टायरच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ७६ इंच.

आता ट्रककडे बघू. त्याच्या पाटीवर ओढायच्या वजनाचे दोन आकडे आहेत. पक्क्या रस्त्यावर १०,००० पौंड आणि कच्च्यात ६,००० पौंड. म्हणजे ट्रेलर अधिक जीप मिळून १०,०००च्या आत बसलं पाहिजे आणि डांबर संपलं की ट्रेलर तिथेच उभा करून पुढे जीपनेच जायचं. जीपसकट ट्रेलर कच्च्या रस्त्यात घालायचा नाही. ‘‘मिलिटरी ट्रक आहे, काहीही ओढतो’’ हा फंडा इथेच निकालात निघाला.

पर्याय पहिला : मिलिटरीमागे मिलिटरी

दादाचं मन अर्थातच हिरव्या ट्रेलरवर होतं. जोडी कशी शोभेल! या ट्रकचा हक्काचा साथीदार म्हणजे एम-१०५ए२, दीड टनी, एका ॲक्सलचा. टायर ट्रकचेच, वायरिंग ट्रकचंच, ब्रेकही ट्रकच्या हवेवर. फक्त त्याची पेटी साधारण ९ फुटांची आणि भार दीड टनाचा. जीप त्यात ना मावते ना झेपते. तंबू-भांडी न्यायला झकास, जीपला नाही.

मग पाच टनी फ्लॅटबेड, एम-१०६१. यावर जीप आरामात बसते. पण त्याचा डेक चाकांच्या वर असतो, म्हणजे जीप जवळजवळ छातीच्या उंचीवर चढवायची. रॅम्प लांबलचक लागणार आणि वळणावर सगळं वजन वर. शिवाय पाच टन नुसता माल धरला तरी तेच १०,००० पौंड झाले. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन मिळवा.

आणि इथे एक लक्ष्मणरेषा आहे. अमेरिकेतल्या कमर्शियल लायसन्सच्या नियमानुसार, ट्रक आणि ट्रेलर यांचं मिळून नोंदलेलं वजन २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त आणि त्यातला ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर असेल, तर सर्वांत वरच्या ‘क्लास ए’ श्रेणीचं लायसन्स लागतं. म्हणूनच तिकडच्या बाजारात ९,९९० पौंड अशी पाटी लावलेले ट्रेलर खंडीभर दिसतात. बाटाच्या बुटांची किंमत आठवली ना? हौसेच्या गाड्यांना राज्याराज्यांत सवलती वेगवेगळ्या आहेत. पण वहिनी म्हणाली, ‘‘अपघात झाल्यावर सवलतीचा कागद शोधत बसायचं नाही.’’ फ्लॅटबेड बाद.

पर्याय दुसरा : सिव्हिलियन ट्रेलर

आता उरले साधे, दोन ॲक्सलचे कार-ट्रेलर. यात दोन साइज सर्रास मिळतात. ७,००० पौंडी आणि १०,००० पौंडी. पहिला स्वस्त आणि हलका. पण ७,०००मध्ये ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं! ते साधारण २,००० ते २,२०० पौंड वजा केलं की मालाला राहतात ४,८०० ते ५,०००. जीप ४,६००. म्हणजे जुलैतल्या विरार लोकलसारखी अवस्था : बसतं, पण श्वास घ्यायला जागा नाही.

दुसऱ्याचं स्वतःचं वजन जास्त, सुमारे २,८०० पौंड. तरी मालाला ७,००० हून जास्त उरतात. जीप धरून एकूण ७,४०० पौंड, म्हणजे ३,३६० किलो. ट्रकच्या १०,०००च्या आत, लायसन्सच्या रेषेच्या आत आणि ट्रेलरच्या स्वतःच्या ताकदीच्याही आत. डेक दोन मडगार्डांच्या मध्ये खाली बसवलेला, त्यामुळे उंची कमी. मडगार्डांमधली जागा ८२ इंच, जीप ७६ इंच. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच. तेवढे पुरे.

साइज ठरली. पण खरा तिढा पुढेच होता.

ब्रेक कुणाच्या हातात?

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांनी ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टरमागची डबल ट्रॉली बघितलीच असेल. उतारावर मागची ट्रॉली पुढच्याला ढकलायला लागते तेव्हा ड्रायव्हरचा चेहरा बघा. दादा त्याच मुलखातला, त्यामुळे त्याला हे समजावून सांगायला लागलं नाही.

ट्रेलरच्या ब्रेकचे तीन प्रकार त्याच्यासमोर होते.

हवेचे : ट्रकच्या मागे हवेच्या नळ्या आहेतच. पण या साइजच्या सिव्हिलियन ट्रेलरला हवेचे ब्रेक सहसा नसतात, मुद्दाम बसवून घ्यावे लागतात.

सर्ज : हे भलतेच हुशार. ट्रक हळू झाला की ट्रेलर त्याला मागून ढकलतो; त्या ढकलण्याच्या जोरावरच दांड्यातला सिलिंडर दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. ना वायर, ना हवा. २४ व्होल्टच्या ट्रकला तर एकदम सोयीचे. दादा याच्या प्रेमात पडला होता.

इलेक्ट्रिक : चाकातल्या ड्रममध्ये विजेचं चुंबक असतं. ड्रायव्हरजवळच्या कंट्रोलरमधून करंट गेला की ब्रेक लागतो. पण हे सगळं १२ व्होल्टवर चालतं आणि ट्रक २४ व्होल्टचा.

दादाने सर्जचा ट्रेलर जवळजवळ बुक केला होता. त्या रात्री जेवताना वहिनीने विचारलं, ‘‘ट्रकचा ब्रेक फेल झाला तर ट्रेलरचा लागेल?’’

दादा गप्प.

प्रश्न फुकाचा नव्हता. या जातीच्या पुष्कळ ट्रकांत ब्रेकचं हायड्रॉलिक सर्किट एकच असतं आणि दादाच्या ट्रकात तेच होतं. आजच्या गाड्यांत दोन सर्किटं असतात. एक गेलं तरी दुसरं अर्धी गाडी धरतं. इथे सहा चाकांच्या जागी एक होजपाइप फुटला की पेडल तळाला. मग ट्रक हळू होणार नाही. ट्रक हळू झाला नाही तर ट्रेलर ढकलणार नाही. आणि ट्रेलर ढकलला नाही तर सर्ज ब्रेक लागणारच नाही! म्हणजे ज्या क्षणी त्याची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच क्षणी तो सुट्टीवर.

शिवाय लांब उतारावर ट्रक इंजिनच्या जोरावर, खालच्या गिअरमध्ये उतरवायचा असतो. तेव्हा ट्रेलर सतत ढकलत राहतो, सर्ज ब्रेक सतत घासत राहतो आणि तापतो.

इलेक्ट्रिकचं तसं नाही. कंट्रोलरवर एक छोटी खटकी असते. ती बोटाने सरकवली की पेडलला हात, आय मीन पाय, न लावता फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रकच्या हायड्रॉलिकशी त्याचा काहीएक संबंध नाही. हा झाला दुसरा, स्वतंत्र ब्रेक.

‘‘मग हाच,’’ वहिनी म्हणाली आणि दादाने फोन उचलून बुकिंग थांबवलं.

२४ विरुद्ध १२

राहिला व्होल्टचा घोळ. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ केलेले असतात. बरेच जुगाडू लोक त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेतात. सोपं वाटतं, पण मग एक बॅटरी जास्त झिजते, दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोघी राम म्हणतात. दादाने चोवीसचे बारा करणारा तगडा कन्व्हर्टर बसवला. ट्रेलरचे साधे बल्ब २४वर फटाक्यासारखे उडतात, म्हणून १२ आणि २४ दोन्हींवर चालणारे एलईडी दिवे लावले.

ट्रकमागचा पिंटल हुक तसाच ठेवला. हा हुक म्हणजे लोखंडी जबडा, त्यात ट्रेलरचं जाड कडं अडकतं. गोळा-आणि-वाटी पद्धतीच्या हिचपेक्षा मजबूत, पण सैल, त्यामुळे खडखडाट भरपूर. हुक बराच उंचावर असल्याने ट्रेलरच्या दांड्यावर वर-खाली सरकवता येईल अशी कड्याची पट्टी घेतली. ट्रेलर सपाट उभा राहायला हवा. नाक वर गेलं की वजन मागच्या ॲक्सलवर जातं आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. हुकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा असा नियम. आमच्या हिशेबात ७४० ते १,११० पौंड. त्यासाठी जीप डेकवर पुढे-मागे करून नेमकी जागा ठरवली आणि तिथे पिवळ्या रंगाची रेघ मारली.

आणि हो, निघण्याआधी दादाने ट्रकचे सगळे ब्रेक होज आणि व्हील सिलिंडर नवे घातले. स्वतंत्र ब्रेक आहे म्हणून मूळचा ब्रेक वाऱ्यावर सोडायचा नसतो. तरीही लेकीने त्या ट्रकमधून यायचं नाही, मागून कारने वहिनीबरोबर यायचं, अशी वहिनीची अट होती. ती दादाने मुकाट मान्य केली.

परीक्षा : आयझेनहॉवर बोगद्यानंतर

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की हायवे थेट रॉकी पर्वतात चढतो. मी दादाशेजारी बसले होते. चढावर आम्ही ताशी ३०-३५च्या वेगाने, धोक्याचे दिवे लुकलुकवत, उजव्या लेनमधून जात होतो. सुमारे ११,१०० फुटांवर आयझेनहॉवर बोगदा येतो. तो संपला की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत १३-१४ किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे ६५० मीटर खाली उतरतो. ज्यांचे ब्रेक निकामी झाले त्या ट्रकांसाठी वाटेत खडीचे चढ बांधलेत, सुसाट ट्रक त्यात घुसवून थांबवायचे. आपल्या बोरघाटात जीव मुठीत धरून उतरलेल्यांना वेगळं सांगायला नको.

बोगद्याआधी दादाने खटकी सरकवली. मागून ट्रेलरने ट्रकला हलकेच धरल्याचं सीटमध्येही जाणवलं. मग खालचा गिअर, आणि अख्खा उतार त्याच गिअरमध्ये. पेडल अधूनमधून, सलग नाही. दादा एरवी अखंड बडबडतो. त्या उताराभर तो एक शब्द बोलला नाही.

खाली पोचल्यावर त्याने तापमान मोजायची बंदूक काढली आणि ट्रेलरची चारही चाकं तपासली. चारही जवळजवळ सारखीच गरम. म्हणजे चारही ब्रेक सारखंच काम करत होते. मागून वहिनीची कार आली. ती खाली उतरली, बंदूक स्वतःच्या हातात घेतली आणि ट्रकची दहाही चाकं एकेक करून मोजली. मग म्हणाली, ‘‘चला, चहा घेऊ.’’

मोआबला दुसऱ्याच दिवशी खडकावर आपटून जीपचा टाय रॉड वाकला. पुढची दोन चाकं दोन दिशांना बघायला लागली. मित्राच्या गाडीने ती डांबरापर्यंत आणली आणि विंचने ट्रेलरवर चढली. पिवळ्या रेघेवर बरोब्बर. परतताना दादा चक्क गात होता.

ट्रेलर घेताय? हे बघाच!

• गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या. पुस्तकातल्या आकड्यावर जाऊ नका.
• ट्रेलरच्या पाटीवरच्या आकड्यातून ट्रेलरचं स्वतःचं वजन वजा करा. उरेल ती खरी क्षमता.
• पुढच्या गाडीचा ब्रेक गेला तर मागचा लागेल का, हे विक्रेत्याला विचारा. तो अडखळला तर दुसरं दुकान बघा.
• ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी छोटी बॅटरी त्यावर असते. तिची पिन उपसून टेस्ट घ्या. आम्ही बघितलेल्या एका ट्रेलरवर ती बॅटरी पार मेलेली होती.
• सेफ्टी चेन दांड्याखालून एकमेकींवरून फुलीसारख्या जोडा.
• जीपचे पट्टे ॲक्सलला किंवा टायरला बांधा, बॉडीला नको. स्प्रिंग दबली की बॉडीचे पट्टे सैल पडतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडे. पण रँग्लरची जुळणी २०२१मध्ये आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात सुरू झाली आणि लोणावळ्याच्या चिखलात शनिवार-रविवारी काय चालतं ते तुमच्या ऑफिसातला ‘तो’ सांगेलच. ट्रेलरची हौस इथेही येतेय. मात्र आपल्या कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून कारमागे लावला आणि निघालो, असं चालत नाही.

त्यामुळे पुढच्या सोमवारी कॉफी मशीनपाशी त्याने नव्या ट्रेलरचे फोटो दाखवले की रंग, अलॉय, लाइट यांचं कौतुक जरूर करा. मग हळूच विचारा, ‘‘ब्रेक कुठले रे?’’ आणि त्याच्याऐवजी त्याच्या बायकोने उत्तर दिलं, तर समजा, गाडी सुखरूप परत येणार आहे!